हात लागण्याआधी

कुडाच्या घरावर चढलेल्या वेलाला त्या वर्षी पाच दुधी लागले होते. चार भाजीत गेले. पाचव्याला घरातल्या कुणी हात लावला नाही. जव्हारच्या पुढे एका वारली पाड्यावर, मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी अंगणात बसले होते. घरातले म्हातारे बाबा काठीनं छपराकडे दाखवत म्हणाले, "तो तारप्याचा." दुधी अजून हिरवा होता. मान लांब, पोट सगळीकडून सारखं भरलेलं, साल निबर होत चाललेली. एवढ्यावरून त्याचं पुढचं आयुष्य ठरून गेलं होतं.

त्याला वेलावरच सुकू दिलं. देठाची काडी झाली तेव्हा उतरवला. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा बाबांनी तो कानाशी धरून हलवला, आतल्या बिया खुळखुळल्या. मग बोटाच्या पेरानं चारी अंगांनी ठोकून पाहिला. भोक पाडून बिया बाहेर काढल्या आणि पुढचं काम हातात घेण्याआधी त्या फडक्यात बांधून आढ्याला अडकवल्या. येत्या पावसात लावायला. त्यानंतर बांबूच्या दोन बारीक नळ्या आल्या, नळ्यांच्या तोंडाशी बांबूचीच तासलेली जीभ. एका नळीला बोटं फिरवायला भोकं. नळ्या दुध्यात बसवून सांधे मेणानं बुजवले. मेण पोळ्याचं, तळहाताच्या उबेनं मऊ केलेलं. शेवटी ताडाची पानं एकावर एक गुंडाळत खालचा कर्णा वाढवत नेला. संध्याकाळी बाबांनी फुंकून पाहिलं. सूर त्यांच्या मनासारखा लागेना. त्यांनी मेणाचा ज्वारीच्या दाण्याएवढा कण घेतला, जिभेच्या टोकावर डकवला आणि पुन्हा फुंकलं. सूर खाली उतरला. बाबा हसले नाहीत, काही बोललेही नाहीत. वाजवत राहिले.

दुधी छपरावरचा, बांबू ओहोळाकाठचा, ताड बांधावरचा, मेण रानातलं. तारपा नावाच्या त्या वाद्यात दुकानातून आणलेलं काहीही नव्हतं. ते सगळं पायी फिरून गोळा होण्यासारखं होतं, पण ते गोळा करायला जवळजवळ एक वर्ष लागलं होतं, कारण प्रत्येक जिन्नस आपापल्या वेळेला तयार होतो. 'हस्तकला' हा शब्द मला तेव्हापासून अपुरा वाटत आला आहे. हाताचं काम दिसतं, त्याचं कौतुक होतं, त्याची छायाचित्रं निघतात. पण हात लागण्याआधी जे घडतं, म्हणजे कुठलं झाड, कुठल्या महिन्यात, किती वयाचं, कोणत्या अंगानं कापायचं, ही त्या वस्तूची अर्धीअधिक विद्या आहे. या पुस्तकात पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू या भागांतल्या वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी घरांमधल्या वस्तू आहेत. प्रस्तावना लिहिताना मला त्या वस्तूंच्या मागे उभ्या असलेल्या रानाबद्दल बोलायचं आहे, कारण वस्तू छायाचित्रात मावते, रान मावत नाही.

बांबूपासून सुरुवात करते, कारण या पुस्तकातली निम्मी पानं बांबूची आहेत. शास्त्राच्या हिशेबानं बांबू गवताच्या कुळातला. बेटातला कोंब पावसात जमिनीतून निघतो आणि दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. पुढची वर्षं तो फक्त निबर होत जातो. पहिल्या वर्षीचा बांबू रसाळ, त्याची टोपली वाळली की आक्रसते आणि सैल पडते. फार जुना झाला की कडकडीत होतो, वाकवताना तुटतो. विणायला हवा तो मधल्या वयाचा. हे वय ओळखायचं कसं, असं मी एका बाईंना विचारलं तेव्हा त्यांनी मला बेटापाशी नेलं, कोवळ्या बांबूवरची पांढुरकी भुकटी बोटानं पुसून दाखवली, कोंबाची पानं अजून पेराला चिकटलेली दाखवली आणि मग आधी त्याच्यावर, नंतर शेजारच्या बांबूवर कोयत्याची पाठ मारली. दोन्ही आवाज वेगळे होते. मला फरक ऐकू आला, पण कुठला बांबू किती वयाचा हे सांगता आलं नसतं. त्यांना सांगता येत होतं.

तोडायचा तो पाऊस सरल्यावर, थंडीत, आणि शक्यतो अंधाऱ्या पंधरवड्यात. चांदण्यात तोडलेल्या बांबूला कीड लागते, असं या भागात सगळे सांगतात. चंद्राचा भाग बाजूला ठेवला तरी ऋतूचा भाग पक्का आहे. बांबू पोखरणारा भुंगेरा त्यातल्या पिष्टासाठी येतो, आणि पिष्टाचं प्रमाण ऋतूप्रमाणे कमीजास्त होतं. तोडलेला बांबू ओढ्यात दगडाखाली काही आठवडे दाबून ठेवायचा, ही रीतही त्याच हिशेबातली: पाण्यात पिष्ट निघून जातं, किड्याला खायला उरत नाही. विणलेली वस्तू चुलीवरच्या माळ्यावर टांगतात, तिथे धूर तिला राखतो. धुरानं काळीभोर झालेली, म्हाताऱ्या माणसाच्या वयाची सुपं मी पाहिली आहेत. ती कुणी वारशानं जपून ठेवलेली नव्हती, रोज वापरात होती.

तोडल्यानंतर चिरणं. बांबू उभा चिरायचा, मग कामट्यांची पाठ आणि पोट वेगळं करायचं. बाहेरची हिरवी पाठ चिवट, तिच्यावर वजन पेलतं. आतलं पोट मऊ, ते भरायला. टोपलीच्या तळाला आणि काठाला पाठीची पट्टी लावायची, मधल्या विणीत पोटाची चालते. बाजारात टोपली उचलून पाहा: काठ नखानं खरवडला आणि भुसा निघाला तर तिथे पोट वापरलं आहे, ती टोपली पावसाळा काढणार नाही. पट्टी सोलताना बाईच्या डाव्या पायाचा अंगठा बांबू दाबून धरतो, उजव्या हातात कोयता असतो, आणि जाडी मोजायला डोळ्यांचा उपयोग कमी होतो. दोन बोटांतून पट्टी सरकत जाते आणि बोटंच सांगतात कुठे जाड राहिली.

इरल्यावर या पुस्तकात एक वेगळं प्रकरण आहे आणि ते मला सर्वांत आवडलं. भाताच्या आवणीला माणूस दिवसभर कमरेत वाकलेला असतो, दोन्ही हात चिखलात. छत्री धरायला हात मोकळा नाही. इरलं डोक्यावरून पाठीवर येतं आणि कमरेखालपर्यंत झाकतं. वाकलेल्या पाठीचा आकार हाच त्याचा आकार. बांबूच्या कामट्यांची दोन जाळीदार कवचं, मधे पळसाची किंवा सागाची पानं कौलांसारखी एकावर एक बसवलेली. पाणी पानावरून घसरतं, पाठ कोरडी राहते, आणि पानांमधून हवा खेळत असल्यामुळे आतून घाम धरत नाही. आता आवणीच्या शेतात निळा-पिवळा प्लास्टिकचा कागद दिसतो. तो स्वस्त आहे, हलका आहे, घडी करून ठेवता येतो. शेतकऱ्यानं तो घेतला याबद्दल मी त्याला बोल लावणार नाही. पण कागदाखाली दिवसभर वाकून पाहिलेल्या बाया सांगतात की अंग आतून भिजतं. आणि इरलं मोडलं की त्याची पानं गुरांच्या पायाखाली जातात, कामट्या चुलीत जातात. कागद बांधावर पडून राहतो.

मासे धरायच्या सापळ्याची गोष्ट अशीच. पहिल्या पावसात ओढे भरले की मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात. हेच वलगणीचे मासे. त्यांच्या वाटेत बांबूचा निमुळता सापळा लावतात. तोंडाशी कामट्यांची टोकं आतल्या बाजूला वळवलेली असतात. मासा ती बाजूला सारत आत शिरतो, बाहेर पडायला लागला की तीच टोकं समोर येतात. त्यात ना खिळा, ना तार, ना बिजागरी. कामट्यांमधली फट किती ठेवायची यावर किती बारीक मासा निसटून जाणार हे ठरतं. ही फट जुने लोक मोठी ठेवत. प्लास्टिकच्या बारीक जाळ्यात ही सवलत नाही.

कणगी, डालगं, रोवळी, सूप, पत्रावळ, पळसाच्या मुळांच्या आणि आपट्याच्या सालीच्या दोऱ्या यांवर पुढे सविस्तर मजकूर आहे, त्यामुळे मी इथे थांबत नाही. कणगीबद्दल एकच सांगते. बांबूची कणगी शेणमातीनं लिंपतात ती नुसती उंदरापासून बचाव म्हणून नाही. लिंपण थोडी हवा जाऊ देतं, म्हणून भात आत घामेजत नाही. पत्र्याच्या पिंपात ते घामेजतं. एका घरात मी दोन्ही शेजारी शेजारी पाहिलं: पिंपात रेशनचा तांदूळ, कणगीत बियाणं.

या वस्तू करणारी माणसं स्वतःला कारागीर म्हणत नाहीत. गावातल्या बाजारपेठेत बांबूकाम करणारा बुरूड समाज पिढ्यान्‌पिढ्या त्या धंद्यावर जगला, त्याचं कसब वेगळं आणि त्याचा इतिहासही वेगळा. पाड्यावर मात्र शेतकरीच टोपली विणतो, आवणी संपली की, कापणी झाली की, मजुरीला बाहेर जायच्या आधी. त्यामुळे त्याच्या वस्तूत एकसारखेपणा नसतो. तो सापडला नाही म्हणून शहरातला खरेदीदार नाक मुरडतो. मला तो दोष वाटत नाही. एक टोपली आजारी आईच्या उशाशी बसून विणलेली असते, दुसरी लग्नाच्या गडबडीत. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. घरापुरतं विणणारा माणूस आणि बाजारासाठी शंभर नग विणणारा माणूस यांची गरज एक नाही. मेळघाटात लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभ्या केलेल्या संपूर्ण बांबू केंद्रानं कोरकू आदिवासींसोबत दुसऱ्या वाटेनं काम केलं: प्रशिक्षण, अवजारं, राखीपासून घरापर्यंत नव्या वस्तू. त्या वाटेला जुन्या वस्तूचा अपमान समजणाऱ्यांपैकी मी नाही. बांबू हातात राहिला तर सूपही राहील.

वारली चित्रांबद्दल वाचकाला बरंच माहीत असेल, त्यामुळे मी फक्त भिंतीबद्दल बोलते. ती भिंत कारवीची. कारवी हे सह्याद्रीतलं झुडूप, सात-आठ वर्षांतून एकदा फुलतं, सगळा डोंगर जांभळा करतं, बी टाकतं आणि वाळतं. वाळलेल्या दांड्या तोडून, एकमेकींना बांधून कूड उभा करायचा, त्यावर शेणमातीचं लिंपण, वर गेरूचा हात. लग्नघरी सवाशिणी तांदळाच्या पिठानं त्यावर चौक लिहितात, मधे पालघट देवी. पिठात फक्त पाणी, आणि कुंचला म्हणजे टोक ठेचून मऊ केलेली काडी. लग्न लावणारी धवलेरी गात असते, तिच्या गाण्यानं देव चौकात येऊन बसतात. लग्न झालं, पाऊस आला, लिंपण निघालं, चौक गेला. पुढच्या लग्नाला पुन्हा. ते टिकवण्याचा प्रश्न कुणाच्या मनात आला नव्हता, कारण मातीही तिथेच होती, तांदूळही आणि लिहिणाऱ्या बायाही.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांनी ही चित्रं बाहेरच्या जगापुढे आणली. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती भिंतीवरून कागदावर नेली, आणि लग्नचौकाच्या पलीकडे शेत, मासेमारी, तारपा नाच, गोष्टी असं सगळं आयुष्य त्यात आणलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. या प्रवासानं पाड्यांवर पैसा आणला आणि मान आणला, दोन्हींची गरज होती. पण त्याच काळात भिंती सिमेंटच्या झाल्या. आज वारली चित्र बंगळुरूच्या चहाच्या कपावर आहे आणि ज्या घरातून ते निघालं त्या घराच्या विटांवर पिठाचा चौक धरत नाही. बाया आता लग्नात कागदावर चौक लिहून भिंतीला चिकटवतात. मी तो पाहिला, त्याच्यापुढे तेच गाणं चालू होतं, आणि म्हातारी धवलेरी डोळे मिटून गात होती. चौक खरा होता. तरीही मला त्या कागदाच्या मागच्या भिंतीचं वाईट वाटलं.

आता कायद्याबद्दल लिहिणं भाग आहे, कारण रानातला माल हातात येतो की नाही हे कोयत्यापेक्षा कायद्यानं जास्त ठरवलं. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबूही घातला. म्हणजे वनस्पतिशास्त्रात गवत असलेला बांबू कायद्यात नव्वद वर्षं झाड होता, आणि तो तोडून नेणं हा गुन्हा ठरू शकत होता. ज्याच्या आज्यानं त्या बेटातून सुपासाठी बांबू आणला, त्याचा नातू तोच बांबू खांद्यावर घेऊन रस्त्यानं उजळ माथ्यानं जाऊ शकत नव्हता. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपजात धरलं आणि त्यावर वनात राहणाऱ्या आदिवासींचा मालकी हक्क मान्य केला. कागदावरचा हक्क हातात यायला आणखी वेळ गेला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावानं तो मिळवून दाखवला. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक तिथल्या ग्रामसभेच्या हाती दिलं. आपल्या जंगलातला बांबू आपल्या सहीनं विकण्याचा अधिकार गावाकडे आला. २०१७ च्या नोव्हेंबरात वनाबाहेर वाढलेला बांबू 'झाडा'च्या व्याख्येतून वगळला गेला. या तारखा मी मुद्दाम देते. हस्तकलेवरच्या पुस्तकात त्या सहसा नसतात. 'परंपरा लोप पावते आहे' असं हळहळून लिहिलं जातं, जणू ती आपोआप लोप पावते. ज्या गावाला बेटात जायची मुभा नाही, त्या गावात टोपली विणणारी पोर तयार होणार कुठून?

बांबूच्या आयुष्याला आणखी एक काळजी आहे. या रानांतला मानवेल बांबू काही दशकांनी एकदा फुलतो, बी टाकतो आणि बेटच्या बेट मरतं. नव्या रोपाचं तोडण्याजोगं बेट व्हायला पुढे कितीतरी वर्षं जातात. जुन्या लोकांना हे ठाऊक होतं म्हणून एका बेटावर सगळा भार कधी टाकत नसत, आणि तोडताना बेटाच्या कडेचे कोवळे राखून मधले निबर काढत. ठेकेदाराची टोळी कडेकडेनं तोडते, कारण ते सोपं असतं. बेट मग आतून गुदमरतं.

काही वर्षांपूर्वी मी शहरातल्या एका प्रदर्शनातून बांबूची सुबक टोपली घेतली होती. रंग चढवलेली, वर चकाकी. तीन महिन्यांत तिच्याखाली पिठासारखी भुकटी साचायला लागली. आतून पोखरून निघाली होती. विणकामात दोष नव्हता, वीण अजून घट्ट होती. मागणी पावसाळ्यात आली, बांबू पावसाळ्यात तोडला, पाण्यात दाबायला कुणाला वेळ मिळाला नाही. विकणाऱ्यानं तारीख पाळली आणि बांबूची तारीख चुकली. तेव्हापासून मी विकत घेताना दोन प्रश्न विचारते: बांबू कधी तोडला, आणि कुठला. बहुतेक वेळा स्टॉलवरच्या माणसाला उत्तर देता येत नाही. करणारी बाई स्वतः समोर असली की तिचा चेहरा उजळतो, कारण हा प्रश्न तिला कुणी विचारत नाही. सगळे किंमत विचारतात.

या पुस्तकाच्या लेखकानं ते प्रश्न पाच वर्षं विचारले आहेत. त्यामुळे इथे प्रत्येक वस्तूच्या शेजारी महिना आहे, झाडाचं तिथल्या बोलीतलं नाव आहे, ते झाड पाड्यापासून किती चालीवर आहे हेही आहे. काही ठिकाणी 'पूर्वी पाव तास, आता दीड तास' अशी नोंद सापडेल. वाचताना त्या ओळींवरून घाईनं पुढे जाऊ नका. काही वस्तू पुस्तकात नाहीत: देवाच्या कामाच्या, भगताच्या, ज्यांची छायाचित्रं काढू नका असं घरच्यांनी सांगितलं. लेखकानं ती विनंती पाळली, आणि ती पाळली याचा उल्लेखही केला, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

तारपा वाजतो तो भात पिकल्यावर, दिवाळीच्या आसपास. वाजवणारा मधे, नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती, सगळ्यांत पुढे घोळकाठी आपटणारा. वाजवणारा श्वास तोडत नाही. नाकानं घेतो, गालात साठवतो, सूर अखंड राहतो. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांचं या वादनासाठी देशपातळीवर नाव झालं. पण ज्या बाबांचा दुधी मी पाहिला त्यांचं नाव त्यांच्या चार पाड्यांबाहेर कुणाला माहीत नाही, आणि त्यांनी मला ते छापू नका म्हणून सांगितलं आहे. मागच्या पावसात त्यांच्या नातवानं आढ्यावरचं फडकं सोडून त्या बिया लावल्या. वेल छपरावर चढला. दुधी आले, पण त्या वर्षी तारप्याजोगा एकही नव्हता, सगळे आखूड मानेचे. ते भाजीत गेले आणि बिया पुन्हा फडक्यात बांधल्या गेल्या.

वाचकाला एक विनंती. पुस्तक वाचून झाल्यावर पावसाच्या तोंडाशी जव्हारच्या किंवा मोखाड्याच्या आठवडे बाजारात जा. टोपल्या घेऊन बसलेल्या बाया दिसतील. एखादीकडून सूप घ्या, काठ नखानं खरवडून पाहा, आणि भाव करण्याआधी बांबू कधी तोडला ते विचारा. मग ती सांगेल तो भाव द्या.